माझं मौन आणि निलम्माची सुई

व्रत कसं पाळावं ते माझ्याकडून शिकावं! गर्वानं नाही सांगत, पण सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं माझं बिनबोभाट चालतं. आणि गुरुवारी मौन. पहाटे आंघोळ झाली की तोंड बंद, ते दिवेलागणीला देवापुढे दिवा लावल्यावरच उघडायचं. एकदा दूध उतू जाऊन चूल विझली, तरी माझ्या तोंडून "अगं बाई" सुद्धा निघालं नाही! तशी मी हळूच बोलणारी. आमचे मालक म्हणतात, "तू बोलतीस तवा तरी कुठं ऐकू येतंय!"

तर ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, भालकीजवळच्या आमच्या मेहकरची. निलम्मा नावाची नर्सबाई महिन्यातून एकदा, बुधवारी, भालकीच्या मोटारीनं यायची. लहान लेकरांना सुई टोचायची, डोस पाजायची. शेजारच्या गावात गोवर आला होता, म्हणून मागच्या महिन्यात मी दारोदार फिरून बायांना समजावलं. घसा बसला माझा. आली किती लेकरं? तीन!

समोरच्या सत्यभामाबाई तर दारातूनच गरजल्या, "चांगल्या लेकराला कामून भोकं पाडायलीस गं अक्का?" बाईंचा आवाज असा, की ज्वारीवरची पाखरं उडवायला गोफण लागत नाही. नुसतं त्यांना बांधावर उभं करायचं!

तरी मी निलम्माला छातीठोक सांगितलं, "पुढच्या खेपेला अंगण भरून दाखवते. आणि आमच्या बाळीला तवा नऊ महिने भरतील. तिला सुई हुकू द्यायची न्हाई." बाळी म्हणजे माझी नात. माझी स्वतःची थोरली लेक गोवरानंच गेली. तेव्हा गावात सुई नव्हती, दाराला बांधलेला लिंबाचा डहाळा तेवढा होता. म्हणून ही घाई.

पण बुधवारी मोटार वाटेतच बंद पडली, आणि निलम्मा उगवली गुरुवारी सकाळी! खांद्याला बर्फाची पेटी, कपाळाला घाम.

"अक्का, बाया बोलवा लौकर! सुया उकळून घेते मी. आज बाटली फोडली की आजच संपवायची. उरलेली फेकायची, ठेवायला येत न्हाई बघा." एवढं बोलून ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि भरभर स्टोव्ह पेटवला.

बोलवा! कशानं?

सून शोभा धुणं घेऊन ओढ्यावर गेलेली. मालक शेतात. बाळी माजघरात पाळण्यात. मी देवाला हात जोडले, अंगणाच्या दारात उभी राहिले आणि समोर भांडी घासणाऱ्या सत्यभामाबाईंना खुणेनं बोलावलं. आधी हातानं पाळणा हलवून दाखवला. मग दोन बोटांनी दंडावर कच्चकन चिमटा काढला. मग डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करून लेकरू कसं रडतं ते दाखवलं. याहून स्पष्ट कोण सांगणार!

सत्यभामाबाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"अगं बया! बाळीला इचू चावला!"

मी जोरजोरात हात हलवून नाही-नाही अशी खूण केली.

"लई इख चढलंय म्हणायलीय! अगं कमलबाई, पळ गं! अक्काच्या नातीला इचू चावला!"

पाखरंच काय, अख्खं गाव उठलं! कुणी कांद्याचा रस आणला, कुणी चुना, कुणी झाडू. कमलबाई देवीचा अंगारा घेऊन आली आणि तो आधी माझ्याच कपाळाला फासला. मी कोळशाचा तुकडा उचलून भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सुई'.

"बघा, मंत्र लिहायलीय!" सत्यभामाबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. वाचता येतं कुणाला? बायांनी भिंतीला हात जोडले!

एव्हाना अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इतक्यात सत्यभामाबाईंनाच शंका आली, "अगं, दार लावा! इचू भाईर जाईल!" लगेच कुणीतरी अडसर घातला.

तेवढ्यात स्टोव्ह बंद झाला आणि निलम्मा बाहेर आली. हातात सुई. समोर गच्च भरलेलं अंगण, आणि प्रत्येक बाईच्या कडेवर लेकरू! घाईत कोण लेकरू घरी ठेवून येतं?

"अय्यो देवा!" निलम्मा माझ्याकडे बघतच राहिली. "अक्का, येवढे कसे जमवले तुमी?"

"इचू कुठाय?" सत्यभामाबाई.

"कुठला इचू? मी सुई टोचायला आलेय!"

बाया गर्रकन दाराकडे वळल्या. पण अडसराला मी पाठ लावून उभी. काय करणार? बोलायचं नाही, आणि खुणा करायची तर आता भीतीच वाटत होती. मी नुसता पदर पसरला त्यांच्यापुढे. डोळ्यांत पाणी कधी आलं कळलंच नाही.

ही खूण मात्र सगळ्यांना कळली.

सत्यभामाबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, "अक्काच्या थोरलीला शेवटची आंघोळ म्याच घातली होती." मग नातू पुढं केला. "घे गं निलम्मा. टोच. पर हळू, न्हाईतर तुझा दंड फोडीन!"

मग काय, रांगच लागली! रडारड अशी, की बाजारात शेळ्या ओरडाव्यात. मी समाधानानं बाळीला आणायला माजघरात गेले.

पाळणा रिकामा!

तोच परसदारातून शोभा ओल्या धुण्यासकट धावत आली. "आत्याबाई! मामंजी बोंब ऐकून शेतातनं आले, अन् परसदारानं बाळीला घेऊन मोटारीकडं पळायलेत! इचू चावला म्हणत्यात! म्या हाका मारल्या, ऐकलेच न्हाईत!"

"अक्का, शेवटच्या बाटलीत एकाच लेकराचं औषध राहिलंय," निलम्मा म्हणाली. "आणि मी यायची आता पुढच्या महिन्यात!"

मी पळत सुटले. तांबडी मोटार सुरू होऊन थरथरत होती. मालक बाळीला छातीशी धरून पायरीवर चढलेले. मी देवाची क्षमा मागितली आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले, "ओ मालक!"

ड्रायव्हर वळला. कंडक्टर वळला. टपावर बसलेले चार शेतकरी वळले. आमचे मालक सोडून सगळे मालक वळले!

"नरसिंगराव! उतरा खाली!"

मोटारीचं इंजिनसुद्धा बंद पडलं. मालक उतरले, ते भीतीनं. आमच्याकडं नवऱ्याचं नाव बाई उखाण्यात घेते, मोटार थांबवायला नाही!

"माझं नाव ठाऊक हाय म्हणायचं तुला!" एवढंच ते बोलले, आणि वाटभर मागं वळून बघत राहिले.

उरलेलं औषध बाळीच्या दंडात गेलं. ती किंचाळली, आणि त्या आवाजापुढं मला सनई फिकी वाटली.

पेटी आवरताना निलम्मा म्हणाली, "अक्का, एक सांगू? रागावू नका. मागच्या महिन्यात तुमी घरोघर बोलून आलात, तीन लेकरं आली. आज तोंड उघडलं न्हाई तर गाव आलं! पुढच्या महिन्यापासून मी गुरुवारीच येते. तुमी फक्त बोलू नका!"

सत्यभामाबाईंसकट सगळ्या हसल्या. मला उत्तर सुचलं होतं, चांगलं खणखणीत!

पण दिवेलागणीला अजून अवकाश होता. मी नुसती मान हलवली.