दुर्बिणीचा चौथा स्क्रू

माझ्या घरात माझ्या नकळत मुंगीसुद्धा इकडची तिकडे होत नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आमचे हे तक्रार म्हणून सांगतात. पण ज्या घरात रांगतं मूल आहे, मागच्या दारी जंगल आहे आणि त्या जंगलातला बिबट्या शेजारच्या शेळ्या घेऊन जातो, त्या घरातल्या बाईने डोळे मिटावेत तरी कसे?

आमचे हे अक्कलकुव्याला रेंजर. त्यांच्या मते बिबट्या म्हणजे मोठं मांजर. माझ्या मते मांजर असलं तरी आमची छबी ही नुकतीच रांगायला लागलेली लोण्याची वाटी आहे! म्हणून यांच्या रायफलीवर बसवायला मुंबईहून दुर्बीण मागवायची, हा बेत माझा. इंटरला मी भिंगं शिकले होते. यांना मी स्वच्छ सांगितलं, "नेम तुमचा, भिंग माझं!"

पार्सल आलं. दुर्बिणीबरोबर दुकानदाराने दोन प्रकारच्या बैठका पाठवल्या होत्या. पसंत पडेल ती ठेवा, दुसरी परत करा. बैठक म्हणजे बंदुकीच्या पाठीवर स्क्रूंनी घट्ट बसवायचा लोखंडी तुकडा. त्याच्यावर कड्या, आणि कड्यांत दुर्बीण. एक बैठक लांबलचक, अखंड पट्टी. दुसरी दोन सुट्या तुकड्यांची.

"अखंड घेऊ," हे म्हणाले. "एका दगडाचा पूल भक्कम."

"अहो, पण काडतूस घालता ते वरूनच ना? त्याच भोकावर पूल बांधलात, तर बोटं कुठून घालणार?"

"आत्तापर्यंत जशी घालत होतो तशी."

"आत्तापर्यंत पूल नव्हता!"

यांनी बोटं घालून पाहिली. ती अडकली. मी काहीच बोलले नाही. म्हणजे फारसं बोलले नाही.

तेव्हा दोन तुकड्यांची बैठक ठरली. तिचे चार स्क्रू, जोंधळ्याच्या कणसातून निसटल्यासारखे बारके, मी वाटीत काढून टेबलावर ठेवले आणि माहितीपत्रक वाचण्यात गढून गेले. पायाशी छबी खुळखुळा चावत होती. छबीला सांभाळणारी फुलीबाई मागे उभी राहून काहीतरी विचारत होती. मी मान डोलावली.

ही फुलीबाई डोंगरातली. घरात तिची बोली वेगळी, माझ्याशी बोलते बाजारातली अहिराणी. छबीला ती तळहाताच्या फोडासारखं जपते. बिबट्याचं कानावर आल्यापासून तिने छबीच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यात कसलीशी मुळी बांधली होती. त्याच्याआधी सासूबाईंनी धाडलेला चांदीचा ताईत होता. शेजारच्या अमिनाभाभींनी दर्ग्यावरून आणलेली तांब्याची डबी होती. तुम्ही म्हणाल, बी. एस्सी. झालेल्या बाईने हे चालवून घ्यावं? पदार्थविज्ञानाला हे पटत नाही, मान्य! पण पदार्थविज्ञानाला मूल नाही!

थोड्या वेळाने अमिनाभाभींचे यजमान, सलाउद्दीन मिस्त्री, हत्यारांची पिशवी खुळखुळवत हजर झाले. शिवणयंत्र, बाजाची पेटी, घड्याळ, छत्री आणि बंदूक, सगळ्यांवर त्यांचा सारखाच हात चालतो.

"भाभी, दोन तुकडे लिया?" त्यांनी कपाळाला हात लावला. "दोन तुकडे म्हंजे दोन साडू! एका लाइनमधे कधी चाली ऱ्हायनात का?"

"तुम्ही चालवा!" मी म्हटलं.

"चालाडस ना! ह्या सलाउद्दीनना हात शे!"

बंदुकीच्या पाठीवर भोकं पाडून झाली, आटे पाडून झाले. पहिला साडू बसला. दुसऱ्या साडूचा एक स्क्रू बसला. मिस्त्रींनी वाटीकडे हात नेला आणि वाटी उपडी केली.

"भाभी, चौथा कुठे शे?"

मी टेबलावर पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. टेबलाखाली छबी बसली होती. तिचं तोंड हलत होतं, आणि चेहऱ्यावर नुकतंच पंगतीतून उठल्यासारखं समाधान!

"अहोऽऽ!"

माझ्या त्या हाकेने, मागाहून कळलं, पलीकडच्या नाक्यावरचे बैल बुजले. हे धावत आले. मी छबीच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तोंडात खुळखुळ्याची लाळ, बाकी काही नाही. म्हणजे गेला! पोटात गेला!

"अगं, कुठेतरी घरंगळला असेल," हे म्हणाले, पण गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवायला लागले. मिस्त्रीही बसले. तिघांनी सारी खोली चाचपली. एक बटण, यांची हरवलेली टाकाची निब आणि मेलेलं झुरळ सापडलं. स्क्रू नाही.

छबी मात्र आम्ही सगळे रांगतोय म्हणून खूष! अशा वेळी रडत बसायचं नाही, डोकं चालवायचं, असं मी स्वतःला बजावलं आणि रडत रडत डोकं चालवलं. स्क्रू पोलादी. पोलाद चुंबकाला ओढतं. आणि घरात यांचं जंगलमोजणीचं होकायंत्र!

"काहीतरीच!" हे म्हणाले.

"शास्त्र आहे!"

प्रयोग अगदी कसोशीने केला. बंदूक अंगणात नेली. मिस्त्रींना पिशवीसकट दाराबाहेर काढलं. यांनी पट्टा सोडला, मी केसांतल्या पिना काढल्या. छबीला लाकडी पलंगावर निजवलं. तिच्या कमरेच्या गंडेदोऱ्यांचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण चांदी, तांबं आणि मुळी, यांत लोखंड कुठलं? त्या सगळ्या वस्तू मला पाठ होत्या. झबलं वर करून पाहायचीही गरज नव्हती. मी श्वास रोखून होकायंत्र झबल्यावरून तिच्या पोटाशी नेलं.

सुई थरथरली आणि पोटाकडे वळली!

यांनी छबीला डावीकडे सरकवलं. सुई डावीकडे. उजवीकडे सरकवलं. सुई उजवीकडे! आमच्या मुलीच्या पोटात उत्तर दिशा आली होती!

हे पांढरेफटक पडले. वाघाचे ठसे बघून ज्याला भूक लागते, तो हा माणूस! "दलसिंग!" अशी आरोळी ठोकून त्यांनी चौकीवरच्या रखवालदाराला घोडं घेऊन तळोद्याच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

"तोवर केळी चारा," दाराबाहेरून मिस्त्री ओरडले. "केळं लोखंडले गुंडाळीसन बाहेर लयी येस!"

छबीला केळं दिलं. मग शिरा. मग आणखी केळं. ती प्रत्येक घासाला टाळ्या पिटत होती आणि प्रत्येक टाळीला माझे डोळे भरून येत होते. हे तिचा पाय धरून बसले होते, आणि मध्येच पुटपुटत होते, "तो बिबट्या येऊ दे, हवा तर घरात येऊन बसू दे. मला दुर्बीण नको."

मिस्त्रींना मात्र हातचं काम अर्धं टाकवेना. त्यांनी अंगणात बसल्याबसल्या कुणाच्याशा पेटीचा एक स्क्रू काढून चौथ्या भोकात पिळला. तो निघाला लांब. टोक आत शिरलं आणि बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, असा घट्ट अडकला, की पुढे सरकेना की मागे! आता आमच्या रायफलीचा उपयोग लाटण्याइतकाच उरला होता. तेवढ्यात तो स्क्रूही मुंडक्यापाशी तुटला. मिस्त्री "या अल्ला!" म्हणाले आणि तुटकं मुंडकं हातात घेऊन बसले. असं आधी कधी घडलं नव्हतं.

इतक्यात नदीवरून लंगोट धुऊन फुलीबाई आली. पाहते तर साहेब पट्ट्याशिवाय, बाईचे केस मोकळे, मिस्त्री अंगणात बंदुकीशी झटताहेत, आणि मधोमध शिऱ्याने माखलेली छबी!

"काय व्हयनं? कोन मरनं का?"

मी हुंदके देत सांगितलं. स्क्रू, पोट, सुई, केळी, सगळं. फुलीबाईने ऐकलं, कमरेवर हात ठेवले आणि इतक्या जोराने हसली की टोपलीतले लंगोट खाली पडले.

"वं बाईसाहेब! तो पोरना पोटमा नही शे. पोटवर शे!"

तिने छबीचं झबलं वर केलं. ताईत, डबी, मुळी, आणि त्यांच्या शेजारी लाल चिंधीची एक नवी कोरी पुडी!

"बंदूकनं लोखंड शे. बिबट्या वास लेस नि पयी जास. मी तुम्हले इचारं ना, बांधू का म्हनीसन? तुम्ही मान हालाई!"

मी हलवली होती. सगळ्या घरावर नजर ठेवणारी ही मान, माहितीपत्रकातून वर न होताच हलली होती!

हे पहिल्यांदा छबीला छातीशी घट्ट धरून उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग होकायंत्राकडे. "शास्त्र आहे," एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

"द्या तो स्क्रू," मिस्त्री हात पुढे करून म्हणाले.

"हात लावानं नही!" फुलीबाई मध्ये आली. "बांधेल लोखंड अमावस लगून सोडानं नही. सोडं तं उलटं पडस."

"फुलीबाई, अगं बिबट्यासाठीच तर बंदूक हवी!" हे म्हणाले.

"बिबट्यासाठीच तं बांधेल शे!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पदवीकडे पाहिलं. मी छबीकडे पाहिलं. "अमावास्या काही लांब नाही," मी म्हटलं.

तिन्हीसांजेला घोड्यावर हाडं खिळखिळी झालेले डॉक्टर पोचले. त्यांनी छबीला तपासलं, तिचं टणक पोट दाबलं आणि निदान केलं: केळी. पुढचे दोन दिवस ते लंगोट कुणी धुतले ते विचारू नका. फुलीबाईने साफ नकार दिला होता.

बिबट्या पुन्हा आला नाही. दलसिंग म्हणतो, तो केव्हाच गुजरातेकडच्या रानात उतरला. फुलीबाई म्हणते, वास लागला. माझं मत कुणी विचारलेलं नाही, हे फार बरं आहे.

अमावास्या येऊन गेली. तो स्क्रू काही सुटला नाही. दर वेळी काही ना काही निघतंच, कधी दात, कधी सर्दी. शेवटी मिस्त्रींनी भोकातला तुटका तुकडा कोरून काढला आणि यांनी दुकानदाराकडून नवा स्क्रू मागवला. तो आला त्या दिवशी हे दौऱ्यावर होते, म्हणून पाकीट मीच सोडवून घेतलं. हे रोज विचारतात, "अगं, टपाल आलं का?" मी म्हणते, "पावसाने रस्ते बंद असतील."

काय करू? येत्या मार्गशीर्षात घरात आणखी एक कंबर येणार आहे!