पट्टा टेरिलीनचा

सुकाभाऊ शिंप्याने शिवलेला माझा पहिला शर्ट अंगात घातला, तेव्हा सगळी बटणं लागली, फक्त गळ्याचं लागेना. जोर करून लावलं तर डोळे बाहेर यायला लागले. तसाच समोरच्या दुकानात गेलो. सुकाभाऊंनी मापाची वही काढली, ओळीवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, हे भुऱ्याचं माप हाय. तुमचं त्याच्या वरच्या ओळीत हाय."

"भुऱ्या कोण?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. मशिनच्या पायट्यावर हनुवटी टेकून एक भुरकट कुत्रा झोपला होता.

"त्याचं माप कशाला?"

"काऊन? त्याले मान नाही काय?"

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि नांदुऱ्याजवळच्या या गावात मी नवा मास्तर म्हणून आलो होतो. खोली मिळाली ती नेमकी सुकाभाऊंच्या दुकानासमोर. दुकानामागे त्यांचं अंगण, आणि अंगणात त्या वेळी सात कुत्री, चार मांजरं. कोणी पोत्यात बांधून नाल्यात टाकलेलं, कोणी एस.टी.च्या चाकाखालून वाचलेलं. सुकाभाऊ त्यांना आणत, जखमेवर हळद भरत, भाकर चारत आणि मग त्यांच्यासाठी घर शोधत.

"एवढी कशाला पाळता?" असं कोणी विचारलं की ते चिडत. "मी कुठं पाळून राह्यलो? सांभाळून राह्यलो. पाळणारा अलग, सांभाळणारा अलग!"

घर शोधणं मात्र सोपं नव्हतं, कारण सुकाभाऊंना घरच पसंत पडत नसे. एकदा किराणावाले मोतीशेठ मांजर मागायला आले. दुकानात उंदीर फार झाले होते.

"दूध घरचं की विकतचं?" सुकाभाऊंनी सुरुवात केली.

"घरचं."

"शेठाणीचा सोभाव कसा हाय?"

शेठ घुटमळले. "बरा आहे."

"तुमच्याशी नाही, मांजरीशी. अन् उंदीर संपले, मंग तिचं काय?"

या प्रश्नाची तयारी शेठने केली नव्हती. "मग... जाईल कुठंतरी."

"मंग उंदीरच पाळा," म्हणून सुकाभाऊंनी मशिन सुरू केलं. माझ्या पोरीचं लग्न ठरवताना एवढं कोणी विचारलं नाही, असं शेठ पुढे महिनाभर सांगत होते.

बरं, मांजर दिलं तरी प्रकरण संपत नसे. दहाव्या दिवशी सुकाभाऊ गळ्यात टेप अडकवून त्या घरी हजर. मांजराची कंबर मोजायची, वहीतल्या मापाशी ताडून पाहायची. अर्धा इंच कमी भरली की मांजर काखेत मारून परत!

अशात शेजारच्या गावी पिसाळलेलं कुत्रं एका गोऱ्ह्याला चावलं. आमच्याकडे दवंडी फिरली : सोमवारपासून ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल, त्याला विषाचा लाडू घालण्यात येईल.

दवंडी ऐकली आणि सुकाभाऊंचा मशिनवरचा पाय थांबला. थोडा वेळ ते टाळूच खाजवत बसले. मग उठून त्यांनी फळीवरचं कात्रणांचं गाठोडं खाली ओढलं. असं गाठोडं प्रत्येक शिंप्याकडे असतं. त्यात काय आहे हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक असतं आणि विचारत कोणी नाही. चार दिवस मशिन खडखडत राहिलं. ऐन लग्नसराईत नवरदेवाच्या कोटाला बाह्या लागल्या नव्हत्या, पण सुकाभाऊ कोणाचं ऐकेनात.

सोमवारी सकाळी लाडवांची टोपली घेऊन एक माणूस आला. पंचायतीचा शिपाई त्याला घेऊन गावभर हिंडला. जिथे जावं तिथे कुत्र्याच्या गळ्यात पट्टा! एकाच्या गळ्यात पाटलांच्या लेंग्याच्या रेघा, एकीच्या गळ्यात शेठाणीच्या पोलक्याचा हिरवा खण. एक ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू माझ्या शर्टाच्या कापडात शाळेकडे चाललं होतं. आणि खुद्द पंचायतीच्या पायरीवर एक लंगडा, खरूज झालेला कुत्रा मलईच्या रंगाच्या टेरिलीनमध्ये ऊन खात बसला होता.

सगळ्या गावात टेरिलीन एकाच अंगावर होतं. सरपंचांच्या. कापड त्यांनी खास अकोल्याहून आणलं होतं.

"सुका!" सरपंच गरजले. "हे माहं टेरिलीन हाय!"

"हाव, साहेब."

"तू तं म्हणे कापड पुरलं नाही, म्हणून एकच खिसा केला!"

"नाहीच पुरलं. दुसरा खिसा केला असता तं हा उघडा राह्यला असता."

माणसं तोंडावर उपरणी धरून हसायला लागली. सरपंच म्हणाले, "काढ तो पट्टा. आत्ताच्या आत्ता!"

"काढतो," सुकाभाऊ म्हणाले. "पण मंग त्याले लाडू द्या लागन. थो तुमच्याच हातानं द्या."

लंगड्याला यातलं काही कळलं नाही. आपल्याबद्दल बोलणं चाललंय एवढं पाहून त्याने सरपंचांच्या जोड्यावर डोकं टेकवलं आणि शेपूट हलवलं. सरपंचांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या शर्टाकडे.

"राहू दे," ते शेवटी पुटपुटले. "पण त्याले आंघोळ घाल बे. माह्या कापडाची लाज जाऊन राह्यली."

लाडूवाला चहा पिऊन परत गेला. गावात नवीच पंचाईत झाली. "पाटलाचा आला! शेठाणीची भुकून राह्यली!" असं लोक म्हणायला लागले. आपल्याच लेंग्याचं कापड घालून दारात उभ्या राहिलेल्या कुत्र्याला हाकलावं कसं? घराघरातून भाकर बाहेर यायला लागली, मग ओसरीवर पोतं पडलं. दिवाळीपर्यंत मांजरंही खपली आणि सुकाभाऊंचं अंगण रिकामं झालं. ठिपक्यांचं पिल्लू माझ्याच खोलीत आलं, पण सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावरच.

उरला फक्त भुऱ्या. त्याला मागायला आलेला एकही माणूस सुकाभाऊंच्या परीक्षेत पास होत नव्हता.

मग एक दिवस संग्रामपूरकडची एक म्हातारी दुकानात आली. भाचीच्या लग्नाला आली होती. पहाडाच्या पायथ्याशी तिचं वावर, तिथेच खोपटं. राखणीचा कुत्रा बिबट्याने नेला होता.

"घरी कोन कोन हाय, माय?" सुकाभाऊंनी विचारलं.

"कोन राह्यते? मीच."

"बोलाले कोनी?"

"आता नाही. पयले कुत्रा होता."

मी पुढच्या प्रश्नांची वाट पाहत होतो. ते आलेच नाहीत. सुकाभाऊंनी खाली वाकून भुऱ्याला उठवलं आणि त्याची दोरी म्हातारीच्या हातात दिली.

महिन्याभराने एके दिवशी दुकानाला कुलूप दिसलं. संध्याकाळच्या एस.टी.तून सुकाभाऊ उतरले, धुळीने माखलेले. माझ्या शेजारी पायरीवर बसले.

"संग्रामपूरले गेलतो. बरा हाय. जाडा झाला."

"ओळखलं का त्याने?"

"मी जवळ गेलोच नाही. तुरीच्या आडून पाह्यलं. म्हातारी त्याले काहीतरी सांगून राह्यली होती, अन् थो ऐकून राह्यला होता." त्यांनी अंगावरची धूळ झटकली. "मले पाह्यलं असतं तं मांगं लागला असता न, मास्तर."

पिशवीत भुऱ्यासाठी नेलेल्या, तूप लावलेल्या दोन भाकरी फडक्यात तशाच बांधलेल्या होत्या. सुकाभाऊंनी फडकं सोडलं, एक भाकर माझ्या हातात दिली, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच जेवत बसलो.