ओ द्या, मास्तर!

दर रविवारी मी आंघोळीला बसलो की न्हाणीघराबाहेर एक गृहस्थ उभे राहत आणि दर दोन मिनिटांनी ओरडत, "मास्तर, ओ द्या!"

"ओ!" डोळ्यांतला साबण सोसत मी ओरडायचो.

हे आमचे शेजारी सरोदे काका. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. नालवाडीत गॅसचे गिझर नुकतेच येऊ लागले होते आणि गल्लीतल्या सगळ्या गिझरांची काळजी काकांनी, कोणीही न सांगता, आपल्या डोक्यावर घेतली होती. सकाळी सहाला हजर. एका हातात दाढीचा मग, दुसऱ्या हातात दाढीचा ब्रश. आमच्याकडे न्हावी घरी येतो, असा पाहुण्यांचा समज होई.

मगातला फेस ते गॅसच्या नळीच्या प्रत्येक सांध्याला फासत. फुगे आले तर गॅस गळतोय. फुगे येत नसत. तरी काका पाच मिनिटं टक लावून बसत आणि मी पंचा गुंडाळून कुडकुडत उभा. "आधी फेस, मंग काडी," म्हणत ते मग उदबत्ती पेटवून खिडकीशी धरत. धूर बाहेर गेला पाहिजे. तो नीट जाईना म्हणून खिडकीची काच त्यांनीच काढून नेली. तेव्हापासून डोक्यावर गरम पाणी आणि पाठीवर डिसेंबरचा वारा.

"काका, थंडी वाजते हो!"

"वाजू द्या! थंडी वाजली तं मानूस बोंबलते तरी. गिझर जळते तवा जो इषारी वायू होते ना, त्याले ना रंग, ना वास. मानूस गुपचूप झोपते न् उठतच नाई."

शेवटी ज्योत. निळी असली तर ठीक, पिवळी असली तर मिस्त्री बोलवा. हा प्रश्न त्यांच्या तोंडी इतका बसला होता की रस्त्यात भेटले तरी नमस्काराच्या जागी, "निळी का पिवळी?" एका लग्नात त्यांनी हे नवरदेवाच्या बापाला विचारलं. तो बिचारा नवरीच्या शालूकडे पाहत राहिला.

तीन हिवाळे मी हे सोसलं. मग एका रविवारी माझा मेहुणा आंघोळीला गेला. काकांनी हाक मारली. मेहुणा फुगून गप्प. दुसरी हाक. गप्प. तिसऱ्या हाकेनंतर काकांनी दाराला खांदा दिला. आतली कडी त्यांनी स्वतःच मागच्या वर्षी काढून टाकली होती, त्यामुळे काका थेट बादलीत आणि मेहुणा थेट अंगणात. अंगणात पापड वाळत घालणाऱ्या चार बायका होत्या.

"पुरे, काका," मी चिडून म्हणालो. "माझं घर, माझा गिझर."

काकांनी ब्रश झटकला. "बरं," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी निवांत आंघोळ केली, फक्त सवयीने दोनदा "ओ" दिली. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. भिंतीपलीकडून नुसता खोकला. शेवटी गेलो.

काका घोंगडी पांघरून बसलेले. केस ओले, ओठ काळेनिळे. कोपऱ्यात गिझरचं खोकं, वरची चिकटपट्टी तशीच.

"थंड पाण्याने आंघोळ? घरात गिझर असून?"

"हिच्या गुडघ्यासाठी घेतलता. खोकं आलं न् आठ दिवसात हेच गेली."

"मग बसवला का नाही?"

काका माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी अगदी ढ विद्यार्थी आहे. "एकट्या मानसाच्या घरी गॅसचा गिझर? काऊन मास्तर, इतकं सांगून राह्यलो तीन वर्षं! बाहेरून आवाज देनारं कोनी पायजे ना."

बुधवारी काकांकडे मिस्त्री आला. त्यांच्या खिडकीची काच मी काढली. रविवारी सहाला, झोप अर्धी डोळ्यांत, मी दाढीचा मग घेऊन त्यांच्याकडे गेलो. सांध्यांना फेस फासला. फुगे नाहीत. ज्योत निळी. काका आत गेले, पाण्याचा आवाज सुरू झाला.

"काका, ओ द्या!"

उत्तर नाही.

"काका! ओ द्या!"

फक्त पाणी. माझा हात दाराला लागला, तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला.

"आयकून राह्यलो, मास्तर... अजून एकडाव द्या ना आवाज."