आधी तारीख सांग

बिघडलेला मोबाइल हातात दिला, तर आमचे रंगनाथ दाजी मोबाइलकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात. चष्मा कपाळावर ढकलतात आणि म्हणतात, "आधी तारीख सांग."

"काय?"

"तारीख बे, तारीख. आज किती तारीख हाय?"

माणूस गोंधळतो. त्याचं ॲपांचं स्टोअर उघडत नसतं. नुसतं गोल फिरतं आणि खाली येतं, 'कनेक्शन नाही, पुन्हा प्रयत्न करा'. दोन दिवस पुन्हा प्रयत्न करून तो नेकनूरच्या उन्हातून दाजींच्या ओट्यावर आलेला असतो, आणि हा म्हातारा त्याची शाळा घेतोय. तो कशीबशी तारीख सांगतो.

"आता ह्याला इचारू," म्हणून दाजी सेटिंग उघडतात. निम्म्या मोबाइलांना आजची तारीख माहीत नसते. कुणाची बॅटरी पार उतरलेली असते, कुणाच्या नातवानं खेळात जास्तीचे जीव मिळवायला तारीख पुढं ढकललेली असते. तारीख चुकली की स्टोअर दार लावून घेतं. दाजी तारीख दुरुस्त करतात, स्टोअर उघडतं, आणि ते मूठ बाजेच्या लाकडावर हाणतात. "ठप्प!"

हे ठप्प पोस्टातलं आहे. दाजींनी तीसेक वर्षं खेड्यातल्या पोस्टात काढली. सकाळी गेल्यावर पहिलं काम म्हणजे शिक्क्यातले कालचे आकडे चिमट्यानं काढायचे, आजचे बसवायचे आणि कोऱ्या कागदावर ठप्प करून बघायचे. "तारीख चुकली की खरा कागद बी खोटा पडतोय," असं ते अजूनही सांगतात. ऐकणाऱ्याच्या हातात आता कागद नसतो, एवढाच फरक.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांची आणि आमची भिंत एकच. अक्का चार वर्षांपूर्वी त्या रोगाच्या लाटेत गेली. बीडच्या दवाखान्यात चार दिवस होती, आत कुणाला सोडत नव्हते. मूलबाळ नाही. तेव्हापासून दाजी एकटे, आणि शेजारी मी. म्हणजे मी त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे असं मी गावात सांगतो. प्रत्यक्षात माझ्या घरातलं नेट चालू आहे का बंद, हे तेच मला भिंतीवरून ओरडून सांगतात.

त्यांच्या उपचाराचा क्रम ठरलेला. आधी तारीख. मग 'इमान', म्हणजे मोबाइल चुकून विमान मोडवर गेलाय का. मग 'शिळं', म्हणजे स्टोअरच्या पोटात साचलेलं जुनं झाडून काढायचं. मग जागा. आणि काहीच जमलं नाही, तर मोबाइल बंद करून उशाखाली ठेवायचा. "जरा पडू दे त्याला. माणूस असतं तर सलाईन लावली असती."

एकदा शेजारच्या गावचे एक पुढारी आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागं दोन पोरं. म्हणाले, दोन दिवस झाले, स्टोअर तर सोडाच, फोनसुद्धा येत नाही एक. चेहरा पार उतरलेला. पक्षानं आपल्याला टाकलं, असं त्यांनी मनाशी धरलंच होतं म्हणे.

दाजींनी मोबाइल बघितला. "साहेब, तुमी दोन दिस इमानात हाव."

विमान मोड काढला. पुढारी श्वास रोखून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, चहा झाला. एकही फोन आला नाही.

"आता हे माझ्याच्यानं व्हणार न्हाई," दाजी हळूच म्हणाले, आणि त्या वेळी त्यांनी ठप्प केलं नाही.

अंगणवाडीच्या ताईंचा टॅब तर एकदा ताईंच्या जन्माआधीची तारीख दाखवत होता. "ताई, ह्याच्या हिशोबानं तुमी अजून जल्मल्या बी न्हाई," दाजी म्हणाले. ताई हसता हसता रडायला लागल्या. महिन्याचं काम त्या टॅबवर अडलं होतं आणि वरून रोज बोलणी बसत होती. दाजींनी तारीख लावली, शिळं काढलं आणि स्वतः चहा करून दिला. चहा इतका वाईट होता की ताई रडायच्या थांबल्या.

माझा मोबाइल गेला तेव्हा निदान झालं, जागा नाही. "मोबाइल हाय का सुप्रभातचं कोठार बे? फुलं, देव, फुलं, देव. काढ सगळं. पण एकेक बघून काढ." मी एवढा उद्योगी असतो तर लिपिकाच्या नोकरीत कशाला राहिलो असतो? 'सगळे निवडा' दाबलं आणि मोकळा झालो. स्टोअर भराभरा उघडलं. दाजींनी विचारलं, "बघून काढलं न्हवं?" मी म्हणालो, "हो."

दाजींचा दुसरा नियम म्हणजे बारा ते चार ओटा बंद. कुणाचाही मोबाइल घेत नाहीत. "दुपारी न्हाई," एवढंच म्हणतात आणि दार लावून घेतात. म्हातारा माणूस, झोपत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

नोव्हेंबर आला की दाजींच्या ओट्यावर पेन्शनवाल्यांची रांग लागते. महिन्याच्या आत 'मी जिवंत आहे' असा दाखला दिला नाही, तर पेन्शन बंद. आता तो मोबाइलवरही देता येतो. ॲप घ्यायचं, समोर तोंड धरायचं, पापणी हलवायची. दाजी एकेकाला बसवून सांगतात, "डोळे मिच. अजून एकदा. हां, झालास जित्ता. ठप्प!"

आणि सगळ्यांना जिवंत करून झालं की हा माणूस स्वतः सकाळच्या गाडीनं बीडला जातो, बँकेच्या रांगेत उभा राहतो आणि कागदावर सही करून येतो. दरवर्षी. मी विचारायचो, "कावून, दाजी? घरबसल्या होतंय की." ते म्हणायचे, "मला माणसानं बघून सांगितलेलं बरं वाटतंय."

यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते न्हाणीत घसरले. गुडघा असा सुजला की शौचालयापर्यंत जातानाही भिंत धरावी लागायची. महिन्याचे दोन दिवस उरलेले. मी ठरवलं, यांचा दाखला यांच्याच मोबाइलवर काढून द्यायचा.

सकाळी ते अंघोळीला गेले, तेव्हा बाजेवरचा मोबाइल मी उचलला. नेट बंद होतं, ते चालू केलं. स्टोअर उघडलं. गोल फिरलं. 'कनेक्शन नाही, पुन्हा प्रयत्न करा.'

आता मी काय साधा शिष्य आहे का? सेटिंग उघडलं. तारीख होती चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलची.

मला जे हसू फुटलं! अख्ख्या नेकनूरला तारीख विचारणारा माणूस, आणि त्याचाच मोबाइल चार वर्षं मागं. दाजी बाहेर आले की कसं चिडवायचं, याची मी वाक्यंसुद्धा जुळवली. आजची तारीख लावली, बाजेवर मूठ हाणली, "ठप्प!" स्टोअर खाडकन उघडलं. समोर जुन्या ॲपांची ही लांब यादी, आणि वर 'सगळे अपडेट करा'. माझा 'सगळे' या शब्दावर फार विश्वास. दाबलं.

न्हाणीचं दार आपटलं. दाजी पंचा गुंडाळून एका पायावर उड्या मारत आले. ठप्प ऐकलं असावं.

"काय केलास बे?"

"अपडेट..."

मोबाइल त्यांनी हिसकावून घेतला. हात ओले, बोट स्क्रीनवर घसरत होतं. "इमान, इमान, इमान," असं ते पुटपुटत होते. शेवटी विमान मोड लागला. पहिलंच ॲप, निरोपांचं, तीन टक्क्यांवर येऊन थांबलं होतं. ज्या नेकनूरच्या नेटला मी रोज शिव्या घालतो, ते त्या दिवशी नेहमीसारखंच मंद होतं.

दाजी तसेच ओल्या अंगानं बाजेवर बसले. तारीख मागं नेली. एप्रिल, मग तो दिवस. मग निरोपांचं ॲप उघडलं आणि श्वास सोडला.

"नव्या ॲपला जुनी तारीख चालत न्हाई," ते म्हणाले. "उघडतच न्हाई मग. जुनं हाय तवर चालतंय."

त्यांनी बोट ठेवलं. खोलीत अक्का बोलायला लागली.

"आवं, ऐका. मी बरी हाय. काल लई धाप लागलती, आज कमी हाय. वरण टाकलं का तुमी? तिखट जपून टाका. आन् मोबाइल चार्ज करा बया, सारखा बंद लागतोय तुमचा. शिस्टर आल्या बघा. ठेवते. दुपारी परत बोलते."

चार वर्षांनी ऐकला मी तो आवाज. माझ्याकडेही होते तिचे निरोप. फुलं आणि देवांच्या मधे कुठंतरी तेही निघून गेले असतील. एकेक बघून काढायला सांगितलं होतं मला.

"दाजी," मी म्हणालो, "आवाज दुसऱ्या मोबाइलात काढून घेता येतो की."

"मला शिकवतो? घेतलाय काढून कवाच. हे निघत न्हाई." त्यांनी निरोपाच्या वर नख टेकवलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज'.

निरोप आजचा असला की ते ॲप वर 'आज' लिहितं. दुसऱ्या दिवशी 'काल' लिहितं आणि पुढं नुसता आकडा. दाजी रोज सकाळी उठून तारीख बदलतात, पोस्टात बदलायचे तशीच. फक्त रोज तीच लावतात.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी दुपारी अक्काचा निरोप आला नव्हता. बीडहून फोन आला होता, संध्याकाळी. बारा ते चार दाजी झोपत नसतात.

मी अंग पुसायला दुसरा पंचा दिला. चिडवायची वाक्यं होती तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळखीच्या माणसाची जीप घरापुढं आणली, दाजींना पुढच्या सीटवर बसवलं आणि बीडला नेलं. बँकेत म्हाताऱ्यांची रांग भिंतीला टेकून बसलेली. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीनं कागद सरकवला. "सही करा काका, खाली तारीख टाका."

दाजींनी सही केली. मग पेन कागदावर तसंच धरून राहिले. खिडकीतली मुलगी वाट बघत होती, मागचे लोक खाकरायला लागले.

"तारीख सांग बे," दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी सांगितली. त्यांनी एकेक आकडा वळणदार काढला. मुलीनं शिक्का हाणला. दाजी वाकून शिक्का बघायला लागले.

"तारीख नीट उठली न्हाई, बाई. अजून एक मार."

तिनं मारला. दाजी यंदापुरते जिवंत झाले.

बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. जीपवाला चहाला गेला होता, तो येईना. दाजी सीटवर बसून सदऱ्याच्या खिशावर हात दाबून होते. खिशात मोबाइल, विमान मोडवर.

"दुपारच्या आत पोचू न्हवं घरी?"

बँकेच्या भिंतीवरचं घड्याळ मी बघून आलो होतो. पाऊण वाजून गेला होता.

"पोचू की, दाजी," मी म्हणालो, आणि मनगटावरच्या घड्याळावर शर्टाची बाही ओढून घेतली.