वर बघून चालणारे दळवी

दळवी रस्त्यानं चालताना समोर बघत नाहीत, वर बघतात. ठाकुर्लीत आमची सोसायटी एक आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत कंपनीही एक. ते सेफ्टी ऑफिसर, मी स्टोअरमध्ये. सकाळी रिक्षा स्टँडपर्यंत आम्ही बरोबर जातो आणि त्यांना खड्ड्यांतून आणि माणसांतून सांभाळून नेण्याचं काम माझ्याकडे असतं.

वाटेत एखाद्या बिल्डिंगला रंगकाम चालू दिसलं की माझा लेटमार्क ठरलेला. दळवी थांबतात. "हूक कशात आहे बघ," मला म्हणतात. मला काही दिसत नाही, त्यांना सगळं दिसतं. रंगाऱ्यानं बेल्ट घातलेला असतो आणि बेल्टचा हूक बेल्टलाच अडकवलेला असतो. मग तो खाली उतरेपर्यंत आम्ही उभे. वर असलेल्या माणसावर ओरडायचं नाही, तो दचकतो, हा त्यांचा नियम आहे. राग तोपर्यंत धरून ठेवायचा. माणूस उतरला की विचारतात, "हूक स्वतःलाच लावलास, म्हणजे पडताना सोबत पाहिजे का तुला?" पुढचं मी लिहीत नाही. दळवी मूळचे मालवणकडचे आहेत.

गेल्या दिवाळीत माझी बायको खिडकीच्या कठड्यावर उभी राहून जळमटं काढत होती. दळवींनी खालून पाहिलं, आवाज न करता तीन मजले चढून आले, बेल वाजवली आणि ती दार उघडायला आली तेव्हा दम खात खात तिला असं झापलं की त्या दिवाळीत आमची जळमटं तशीच राहिली.

त्यांच्या पुतण्याच्या लग्नात तर कमाल झाली. शीळफाट्याजवळच्या हॉलमध्ये लाइटवाला टेबलावर शिडी ठेवून चढलेला. दळवी रेशमी झब्ब्यात जाऊन ती शिडी धरून उभे राहिले. फॅमिली फोटोसाठी दोनदा बोलावणं आलं, गेले नाहीत. लाइटवाला उतरल्यावर आधी त्याला, मग हॉलच्या मॅनेजरला आणि शेवटी बोलवायला आलेल्या भावाला सुनावलं. तेव्हापासून नातेवाईक त्यांना पत्रिका पाठवतात, आग्रह करत नाहीत.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही कंपनीत हसायचो. मग मे महिन्यात छताचं काम निघालं.

गोडाऊनच्या छतावरचे सिमेंटचे दोन पत्रे फुटले होते. पावसाआधी बदलायचे होते. वर चढायच्या परमिटवर दळवींनी सही दिली नाही. जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही; आधी चालायला फळ्या टाका, वर दोरी बांधा, खाली जाळी लावा, मग सही, असं त्यांनी सांगितलं. आमचे मॅनेजर म्हणाले, एवढंसं तर काम आहे. दळवी म्हणाले, "पत्र्याला ते माहीत नसतं."

दुसऱ्या दिवशी दळवींना सरकारी कामासाठी ठाण्याला जावं लागलं. तेवढं निमित्त साधून मॅनेजरनी ठेकेदाराला काम सुरू करायला सांगितलं. फळ्यांचा टेंपो सकाळीच येऊन गेटवर उभा होता. त्या उतरवून घेईपर्यंत थांबायचं, बाकी काही नाही. तेवढंही थांबले नाहीत. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

मी जेवून परत येताना छतावर माणूस पाहिला आणि तिथूनच दळवींना फोन लावला. ते परतीच्या वाटेवर शीळफाट्याला पोचले होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवला. तेवढ्यात वर कडकन आवाज झाला.

अंकुश नावाचा बीडकडचा कामगार होता. पत्रा फुटून त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. अंगावर बेल्टसुद्धा नव्हता. खाली सिमेंटची जमीन. गोडाऊनमध्ये सगळे जमले आणि जो तो ओरडून सल्ला देत होता. मॅनेजर त्याला ओरडून सांगत होते, पाय काढ आणि मागं ये.

वीसेक मिनिटांत दळवी आले. आधी हातानंच सगळ्यांना गप्प केलं, मॅनेजरनाही. फिटर लोकांना हळूच सांगितलं की टेंपोतल्या फळ्या घ्या, बेल्ट लावा, हूक लोखंडी बीमला अडकवा आणि कडेनं वर जा. मग वर बघून, मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात बोलले.

"अंकुश, मी दळवी. तू हलला नाहीस, बरोबर केलंस. तसाच बस. फळी येतेय."

फळ्या एकेक करून पुढं सरकेपर्यंत ते बोलत राहिले. जेवला का, डब्यात काय होतं, गावाकडे यंदा पाणी कसं आहे. अंकुशनं आधी उत्तरं दिली नाहीत, मग दिली. फिटरनं त्याच्यापर्यंत बेल्ट पोचवला, त्यानं तो बांधला, आणि तो फळीवरून रांगत शिडीपर्यंत आला. खाली उतरल्यावर दळवींनी त्याला खुर्चीवर बसवलं, पायाला लागलेलं बघितलं आणि त्याला एक शब्दही बोलले नाहीत.

मग ते मॅनेजरकडे वळले.

"माझी सही नव्हती. हा कुणाच्या सहीनं चढला?"

मॅनेजर म्हणाले, उतरला ना आता, कुठं काय झालं.

"काही झालं नाही ना? मग आता तुम्ही चढा. तिथंच. फळी न घेता."

मॅनेजर निघून गेले. दळवींनी काम बंद केलं आणि हेड ऑफिसला सगळं कळवलं. तिथून मॅनेजरना समज मिळाली म्हणतात. पुढं फळ्या, दोरी, जाळी लावून ते पत्रे बदलले, अर्ध्या दिवसात. मॅनेजर अजून त्याच केबिनमध्ये आहेत आणि त्या दिवशी दळवींनी कसा ड्रामा केला ते कँटीनमध्ये हसत सांगतात. आता त्यांच्याबरोबर मी हसत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. दळवी आपल्या दारापाशी किल्ली हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरात दुसरं कुणी नाही.

"ही रोज विचारायची," ते म्हणाले. "आज काय झालं म्हणून. मी सांगायचो, काही नाही. रोज तेच. आज सांगण्यासारखं होतं रे."

मी त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. बायकोनं चहा ठेवला आणि ती समोर बसली. दळवींनी तिला सगळं सांगितलं, अंकुशच्या डब्यात मेथीची भाजी होती इथपर्यंत. सांगून झालं तेव्हा कपातला चहा गार झाला होता. बायकोनं परत चहा ठेवला, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.