बंदरच्या जपानी खापऱ्यांची हकीकत

श्री. जो समुद्र नेतो आणि मर्जी जाहल्यास परतही करितो, त्यास प्रथम वंदन. मुलांनी पुसिले की बंदराच्या पायऱ्यांवर खापऱ्या मांडितात त्याचे मूळ काय, म्हणोन त्यांस समजेल ऐसे लिहितो. शके सतराशें ब्याण्णव, प्रमोदनाम संवत्सर, ते समयी समुद्रकाठी एक राज्य होते आणि त्या राज्याचे बंदरी आवडाबाई म्हणोन कोठावळ्यांची विधवा राहात असे. दोनशें वर्षांमागे वलंदेजांचे, म्हणजे डच लोकांचे, जहाज तेथील खडकावर फुटले आणि आत जपान देशची चिनी मातीची ताटे होती ती तळाशी गेली आणि मग ओहोटीस त्यांच्या खापऱ्या वाळूत निघो लागल्या, पांढऱ्यावर निळे काम, कोठे बगळ्याचा पाय, कोठे अर्धा डोंगर. फुटके भांडे घरात आणू नये म्हणोन गाव त्यांस शिवत नसे. बाई मात्र ओच्यात भरून आणीत आणि धुवून पुसून जुन्या जकातचौकीत वाळूच्या परातींत मांडीत आणि गावची मुले तेथे जमत. बाई त्यांस शिकवीत की तळाची खापरी हाती आली म्हणजे अंगठ्याने चाचपावी. बारीक खुंटांच्या खुणा लागल्या तर ताट बहुधा जपानचे, कारण तेथील कुंभार भट्टीत ताट खाली बसू नये म्हणोन मातीचे खुंट देतात. मंजुळा नावाची पोर होती, तिने एकदा पुसिले, "आजी, बाकीचे ताट कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "ते मलाही ठाऊक नाही. पण पाय हा एवढा, तर बगळा केवढा असेल, सांग बघू." मग मुले आपसांत भांडत आणि वाळूत बगळे काढीत आणि बाई कोणासही चूक म्हणत नसत, फक्त खापरी पुन्हा हाती देत.

ऐसे चालले असता शेजारच्या राज्याचे महाराज पाहुणे येणार ऐसी वार्ता आली आणि कारभारी भिकाजीपंत चौकीत येऊन हुकूम सांगते जाहले की खापऱ्या लाखेने सांधाव्या, उणे तेथे चुना भरून वर चितारी बसवावा आणि सबंध ताटे करून दरबारात काचेच्या कपाटात ठेवावी; नाहीतर अवघे समुद्रात टाकावे. बाईंनी साफ नाही म्हणोन सांगितले. पंत म्हणाले, "बाई, पाहुण्यांस फुटकी भांडी दाखवावी काय? म्हणतील, या वाड्यात जेवताना मारामाऱ्या होतात." बाई म्हणाल्या, "पंत, आपले निम्मे दात गेले. तिथे चुना भरून घेतलात का?" पंत तोंड मिटून निघोन गेले आणि दुसरे दिवशी हमालांसह येऊन परातींतील खापऱ्या टोपल्यांत भरवून पाण्याकाठी आणविल्या. आता त्या गावची चाल ऐसी की फुटके समुद्रात टाकिताना 'आमचे गेले' ऐसे मोठ्याने म्हणावे, मागे पाहू नये आणि त्या वस्तूस आपल्या माणसाने पुन्हा हात लावू नये; लाविल्यास घरातले काही फुटते. परक्याच्या वस्तूस आमचे कोण म्हणणार, म्हणोन हमाल टोपल्या ठेवून उभे राहिले. तेव्हां पंत संतापले आणि स्वहस्ते टोपल्या ओतून, अवघे बंदर ऐकत असता, "सरकारचे गेले" म्हणाले आणि चौकीस कुलूप घातले. मुले रडली. बाई म्हणाल्या, "रडता काय? ओहोटी कधी आहे ते विचारा."

ओहोटीस बाई आणि मुले गुडघाभर पाण्यात उतरली आणि सापडल्या तेवढ्या खापऱ्या वेचिल्या. काही एकीच्या दोन जाहल्या होत्या, त्या दोन म्हणोनच मांडिल्या. आणि मांडिल्या कोठे, तर जेथे पाहुण्यांची होडी लागणार त्या पायऱ्यांवरच. पंत शिपाई घेऊन धावत आले. बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "उचला की. सरकारचे गेले, हे आपणच म्हणालात. सरकारचा कोण माणूस हात लावतो ते आम्हीही बघतो." शिपाई एकमेकांकडे पाहो लागले आणि एक म्हणाला, "पंत, घरी बायको दिवसांत आहे, मला यात घालू नका." पंतांनी आपला हात पुढे केला आणि मागे घेतला. इतक्यात होडी लागली. पाहुणे महाराज पाय ठेवावयास जागा नाही म्हणोन थांबले, तेव्हां मंजुळेने त्यांचे हाती खापरी देऊन पुसिले की या पायावर बगळा केवढा. महाराजांनी दोन्ही हात पसरून दाखविला. मुले म्हणाली, एवढा ताटात मावायचा नाही. महाराज तेथेच पायरीवर बसून वाद घालिते जाहले आणि त्या राज्याचे राजेसाहेब, जे स्वागतास आले होते, छत्राखाली तिष्ठत राहिले.

मग राजेसाहेबांनी संतोष होऊन सांगितले की चौकी परत घ्यावी, फक्त काचेचे कपाट करून कुलूप असावे, कारण वस्तू मोलाची दिसते. बाईंनी हात जोडिले आणि म्हणाल्या, "काच घातली की पोरांचा अंगठा काचेवरच राहील. चौकी आपली आपणांस असो." राजेसाहेब म्हणाले, "इथे तर घटकेत भरती येईल." "येईल तेव्हा उचलू, ओसरली की मांडू," ऐसे बोलून बाई पुढची खापरी पुसो लागल्या.

एवढा मजकूर घडला तैसा लिहिला. पंत निवर्तले, बाई गेल्या, राज्यही खालसा जाहले आणि चौकीचे कुलूप गंजून पडले. खापऱ्या अद्याप फुटक्याच आहेत आणि कोणी सबंध करावयास आला तर पायऱ्यांवर पोरे बसली आहेत, त्यांस पुसून मग हात लावावा.