फटफटी-दुरुस्तीस सक्त मनाई

एकाहत्तरच्या हिवाळ्यात जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या श्रीरंग यांनी एक जुनी फटफटी विकत घेतली. त्याच सुमारास देश युद्धात उतरला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, असं तेव्हा श्रीरंग यांना वाटत होतं.

श्रीरंग कारखान्यात नकाशे काढत. घरी पत्नी विनता हिचे दिवस भरत आले होते. बाळंतपण करणाऱ्या नर्स सत्यवतीबाई मोहल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या आणि रात्री-अपरात्री टांगेवाले कुठेच यायला तयार नसत. म्हणून ही फटफटी. मागच्या महायुद्धातली, लष्करानं मोडीत काढलेली. "भैया, जर्मनी तक हो आई है," असं विकणारा म्हणाला. परत कशी आली, ते त्यानं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी किक मारताच फटफटी चालू झाली, दहा पावलं गेली आणि तोफ डागल्यासारखा बार काढून थांबली. पुन्हा किक, पुन्हा बार. तिसऱ्या बाराला श्रीरंग यांनी मान वर केली, तर गल्लीत कोणी नव्हतं. अख्खा मोहल्ला मंदिरामागच्या मैदानात, हवाई हल्ल्यासाठी खणलेल्या खंदकात जाऊन बसला होता.

श्रीरंग यांनी प्लगची काजळी पुसली, कार्बोरेटर उघडून धुतला. बार थांबेनात. शेवटी दोष ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोत सापडला. आतले पॉइंट जळून खडबडीत झाले होते, त्यामुळे ठिणगी वेळेवर पडत नव्हती. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटत होतं. पॉलिशपेपरनं पॉइंट घासून त्यांच्यातली फट जुळवली की काम संपणार होतं. ते पॉलिशपेपर घेऊन बसले, तेवढ्यात मोहल्ल्याचे नागरी संरक्षण वॉर्डन बापूसाहेब आले.

"काय करून राहिले, श्रीरंगराव?"

"दुरुस्ती."

"हात लावू नका," बापूसाहेब शांतपणे म्हणाले.

बापूसाहेबांची अडचण खरी होती. मोहल्ल्याला भोंगा मंजूर झाला होता, पण पोचला नव्हता. तोवर ते सरावासाठी थाळी वाजवत. थाळी वाजली की लोकांना वाटे जेवणं तयार झाली, आणि ते खंदकाऐवजी घरात जात. फटफटीच्या बारानं मात्र सगळे खंदकात गेले होते. बापूसाहेबांनी तसं वर कळवलं. वरून कौतुक आलं आणि पाठोपाठ टाइप केलेला हुकूम आला: सदर वाहनातील दोष नागरी संरक्षणाच्या दृष्टीने अत्यावश्यक असून तो पूर्वपरवानगीशिवाय दूर करू नये. तुटक बार म्हणजे धोका आणि सलग आवाज म्हणजे धोका टळला, असंही त्यात लिहिलं होतं.

"पण ही सलग चालतच नाही," श्रीरंग म्हणाले.

"म्हणून तर मी तोंडी सांगत जाईन, घरी जा म्हणून."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बापूसाहेबांच्या देखरेखीखाली श्रीरंग किक मारू लागले. दोष चांगल्या स्थितीत आहे ना, हे पाहायला अधूनमधून एक निरीक्षकही येई.

मग एका दुपारी विनताला कळा सुरू झाल्या.

"अहो, लवकर आणा त्यांना," ती उंबरठ्याला टेकून म्हणाली. "आणि पायी जा, मी सांगते."

श्रीरंग यांना पायी जाण्याचा धीर नव्हता. त्यांनी किक मारली. बार काढत, थांबत, ढकलत ते सत्यवतीबाईंच्या दारी पोचले. दार सताड उघडं होतं. बाई खंदकात होत्या.

श्रीरंग फटफटी मैदानापर्यंत ढकलत आले आणि खंदकात वाकून म्हणाले, "बाई, विनताला कळा येऊन राहिल्या. चला."

बाई उठू लागल्या. बापूसाहेबांनी त्यांना खाली बसवलं.

"इशारा चालू आहे."

"तो मीच वाजवला," श्रीरंग म्हणाले.

"आज दुपारी सराव ठरला होता?"

"नाही."

"मग सराव नसताना वाजली, म्हणजे हल्ला खरा आहे. नियम तसा आहे."

"मी किक मारली म्हणून वाजली, बापूसाहेब."

"कारण कोणतंही असो. तोंडी सांगणं सरावापुरतं. सलग आवाज होईपर्यंत कोणालाही वर येता येणार नाही."

श्रीरंग यांनी खिशातून पॉलिशपेपर काढला. ते फटफटीपाशी बसले. त्यांनी मॅग्नेटोचं झाकण काढलं, पॉलिशपेपरनं पॉइंट घासले. फट मोजायला जवळ काही नव्हतं. खिशात बापूसाहेबांनी दिलेला तो वरचा हुकूम होता. पातळ कागद, चार पदरी घडी केली की जाडी बरोबर बसली. हुकूम फटीत सरकवून त्यांनी स्क्रू आवळला, हुकूम ओढून काढला आणि किक मारली.

फटफटी शिवणयंत्रासारखी चालू लागली.

खंदकातून लोक कपडे झटकत वर आले. सगळ्यांत आधी बापूसाहेब आले. सत्यवतीबाई मागच्या सीटवर बसल्या आणि तिन्हीसांजेच्या आत विनताला मुलगी झाली. श्रीरंग ओट्यावर बसून एकटेच रडले.

सकाळी संरक्षण-साधनाची हानी केल्याबद्दल त्यांना नोटीस मिळाली. मोहल्ल्याची सभा भरली. दोष पूर्ववत करून द्यावा, असा ठराव आला आणि मंदिरात जमलेल्या प्रत्येकानं हात वर केला. सत्यवतीबाईंनीही.

"बाई, तुम्हीसुद्धा? काहून?" श्रीरंग यांनी विचारलं.

"तुमची गाडी चांगली झाली, भैया," त्या संकोचून म्हणाल्या. "पण आता कळतच नाही, घाबरायचं कधी."

कारखान्यातले दोन जाणकार दोष परत आणण्यासाठी खपत असतानाच युद्ध संपलं. फटफटी नादुरुस्त होती तोवर दीक्षितपुऱ्यावर एकही बॉम्ब पडला नाही, या कामगिरीबद्दल बापूसाहेबांचा सत्कार झाला.

लोक भोळे होते, असं आपण म्हणू. असतील. पण ते आवाज झाला तरच खंदकात उतरत, आणि इंजिन नीट चाललं की बाहेर येत. आपण आपल्या खंदकातून शेवटचे बाहेर कधी आलो होतो, ते ज्याचं त्यानं आठवून पाहावं.